जुन्या लॅपटॉपवरील 'राजी'

परीक्षणाच्या ह्या पानांत नाटक, कादंबरी, काव्य आणि प्रसंगी चित्रपट ह्यांचा परामर्श घेण्याची वहिवाट आहे. त्या पंक्तीस आज संगणकावरील एक खेळ बसलेला पाहून काही वाचक नाराज होतील, हे आम्ही जाणून आहो. परंतु ज्या घरांत मासिके आवडीने वाचली जातात त्याच घरांतील मुले संध्याकाळचा तास-दीड तास ह्या खेळांत घालवितात. ज्या वस्तूस आपली मुले इतका वेळ देतात तिच्याविषयी 'डोळे बिघडतात' ह्यापलीकडे आपणांस काही बोलता येऊ नये, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबास भूषणावह नाही. खेळ वाईट असेल तर तो का वाईट, चांगला असेल तर नेमका कशात चांगला, हे सांगणे टीकेचेच काम आहे.

ह्या लेखास आणखी एक निमित्त आहे. असे खेळ बहुधा नव्या व महाग यंत्रासाठी रचलेले असतात. आणि मध्यम स्थितीतील घरात जो लॅपटॉप असतो तो कोणा भावाच्या अगर बहिणीच्या कॉलेजसाठी काही वर्षांपूर्वी घेतलेला. त्यावर खेळ अडखळू लागला की मुलगा नवे यंत्र मागतो, वडील किंमत ऐकून गप्प होतात आणि आई दोघांच्या मध्ये पडते. वादाचा निकाल शेवटी पैशावर लागतो. वास्तविक ह्या वादाच्या पोटात कलेचा एक प्रश्न दडलेला आहे, तो मात्र कोणी विचारीत नाही. जुन्या यंत्रावर, सजावट उतरवून पाहिलेली कलाकृती ही तीच कलाकृती असते काय? की ते तिचे केवळ विरूप होय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका खेळाच्या आधारे शोधून पाहावे, असा आमचा हेतू आहे.

त्यासाठी आम्ही पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स ह्या छोट्या मंडळीने रचलेला 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ निवडला. तो महाराष्ट्रात घडलेला आहे, हे एक कारण; आणि भव्य खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या अन्रियल एंजिन ४ ह्या साधनावर तो रचलेला असल्यामुळे जुन्या यंत्रास तो जड जातो, हे दुसरे. कथानक थोडक्यात असे. राजी ही फिरत्या खेळवाल्यांच्या ताफ्यात कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू ह्यास असुर पळवून नेतात. त्याच्या शोधात निघालेल्या राजीस दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते, आणि मोडकळीस आलेले वाडे, तटबंद्या व मंदिरे ओलांडीत ती महाबलासुरापर्यंत जाऊन पोहोचते. वास्तू राजस्थानी किल्ल्यांच्या धर्तीच्या आहेत, चित्रांवर पहाडी शैलीची छाया आहे, आणि पूर्वकथा सांगणारे प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने दाखविले आहेत. निवेदनाचे काम दुर्गा व विष्णू हीच दैवते आपसांत बोलून करतात. संगीत नाटकाच्या आरंभी सूत्रधार व नटी ह्यांचा संवाद ऐकण्याची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकास ही योजना परकी वाटणार नाही.

आता यंत्राविषयी चार शब्द, कारण त्यांवाचून पुढील विवेचन समजणार नाही. खेळातील चित्र हे चित्रपटाप्रमाणे आधी काढून ठेवलेले नसते. खेळणाऱ्याने कळ दाबली की त्या क्षणी काय दिसावयास हवे, ह्याचा हिशेब यंत्र तेथल्या तेथे करते आणि चित्र रंगविते. सेकंदास ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांवर समाधान मानले तर ३३.३ मिलिसेकंद. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील तर दर खेपेस २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. तेच रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० वर आणले तर ९ लाख २१ हजार ६०० ठिपके उरतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ज्या लॅपटॉपमध्ये निराळे ग्राफिक्स कार्ड नसते त्यात चित्र रंगविणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात असतो आणि त्यास संगणकाच्या सामाईक रॅममधूनच आपला वाटा घ्यावा लागतो. त्यात उष्णतेची भर पडते. पंख्यात धूळ बसलेली असली, बाहेर वैशाखातली दुपार असली, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःस जपण्यासाठी आपण होऊन मंद चालू लागतो. म्हणूनच जुन्या यंत्रावर पहिली दहा मिनिटे बरा चालणारा खेळ पुढे लंगडू लागतो.

अशा यंत्रावर 'राजी' खेळावयाचा तर काही गोष्टींचा त्याग करावा लागतो. रिझोल्यूशन उतरवावे लागते, सावल्या सौम्य कराव्या लागतात, कडांचा गुळगुळीतपणा सोडावा लागतो, दिव्यांभोवतीची प्रभा आणि दूरच्या देखाव्याची बारकाई कमी करावी लागते. आम्ही हे सर्व करून पाहिले. दगडी कोरीव कामाचा उठाव गेला, पाण्याची झळाळी गेली, दूरचे शिखर पुसट झाले. आणि तरीही खेळाचा प्राण जागेवरच राहिला! असे का व्हावे, ह्याचा विचार करता खेळाच्या रचनेकडे लक्ष जाते. ह्यात दृष्टी दूर आणि ठरावीक जागी ठेवलेली आहे. नाटकगृहातील प्रेक्षक आपल्या खुर्चीतून रंगभूमी पाहतो तशी. खेळणारास ती हवी तशी फिरविता येत नाही. त्यामुळे कोणत्या क्षणी पडद्यावर काय यावे, राजीची इवलीशी आकृती विशाल भिंतीपुढे कोठे दिसावी, कोणत्या वळणावर दरी उघडावी, हे सारे रचनाकाराने आधीच योजून ठेवले आहे. ही योजना रेषेची आणि प्रमाणाची आहे, झळाळीची नव्हे. झळाळी उतरली तरी रेषा आणि प्रमाण टिकतात. छायाबाहुल्यांच्या प्रसंगांवर तर काडीइतकाही परिणाम होत नाही. सपाट काळी आकृती आणि तिच्यामागे उजेड, एवढेच ज्याचे भांडवल त्याचे कोणी काय उतरविणार?

कोल्हापूरहून घाट उतरून कुडाळकडे गेले की पिंगुळी गाव लागते. तेथील ठाकर कलावंतांनी चामड्याच्या छायाबाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा राखली आहे. परशुराम गंगावणे ह्यांना तीबद्दल २०२१ साली पद्मश्री मिळाली. एक पडदा, एक दिवा, कातड्याची एक बाहुली, एवढ्या साधनांत रामायण उभे राहते. 'राजी'च्या कर्त्यांनी आपल्या खेळातील छायाप्रसंग कोठून स्फुरले हे येथे महत्त्वाचे नाही. जी कला थोड्या साधनांत पूर्ण होते तिचा अंश अवजड साधनांच्या कृतीत मिसळला, तर ती कृती पडत्या काळातही तग धरते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सजावट तेवढी फोल आणि साधेपणा तेवढा श्रेष्ठ. हा निष्कर्ष घाईचा होईल. जुन्या यंत्रावर दोन प्रकारची हानी होते आणि त्या दोहोंत महदंतर आहे. पहिली हानी अलंकाराची. ती सोसता येते. दुसरी हानी लयीची. ती मात्र सोसता येत नाही. राजी भिंतीवरून धावते, खांबास लटकून गिरकी घेते, असुराचा घाव चुकविते. ही प्रत्येक क्रिया खेळणाऱ्याच्या बोटाशी जुळलेली आहे. बोट दाबल्यावर चित्र उशिरा आले, अगर दहा चित्रे झरझर येऊन अकरावे अडकले, तर केवळ शोभा उणावते असे नाही, कृतीच मोडते. कादंबरीच्या पानाचा कागद हलका असला तरी वाक्य तेच राहते. येथे मात्र वाक्याच्या मधोमध अक्षरे गळतात. खेळ ही करावयाची कला आहे, नुसती पाहावयाची नव्हे. आणि जे करावयाचे ते तालात करता आले पाहिजे.

येथे कोल्हापूरकरांस आपल्या गावचाच एक दाखला आठवावा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्या बंधूंना चित्रपट काढण्याचा ध्यास लागला, तेव्हा परदेशी कॅमेरा सहज हाती येण्याजोगा नव्हता. १९१६ साली आनंदराव वारले. तरीही बाबूरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. १९१८ च्या सुमारास त्यांचा घरचा कॅमेरा तयार झाला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरचा कॅमेरा-स्तंभ ही ह्या उद्योगाची आठवण होय. आमच्या सभासंमेलनांत ह्या कथेचा उपयोग बहुधा 'साधने नसली तरी चालते' हे सांगण्यासाठी होतो. आमच्या मते तिचा अर्थ ह्याहून कठोर आहे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे, आणि सेकंदास सुमारे सोळा चित्रे ह्या हिशेबाने तो सारख्या गतीने फिरला नाही तर पडद्यावरची माणसे हिसके खात चालत. म्हणजे घरच्या यंत्रातून इतर पुष्कळ गोष्टी उण्या असल्या तरी चालल्या असत्या, गतीचा समतोल उणा असून चालले नसते. साधनांच्या तुटवड्यात काय सोडावे आणि काय प्राणपणाने राखावे ह्याचा विवेक बाबूरावांजवळ होता. त्या विवेकाचे नाव कला, तुटवड्याचे नव्हे.

हाच विवेक लॅपटॉपपुढे बसलेल्या मुलाने दाखवावयाचा आहे. सेकंदास ६० चित्रांचा हट्ट धरून कधी ५०, कधी २० अशी ओढाताण सोसण्यापेक्षा खेळास ३० चित्रांवर बांधून घ्यावे आणि ती ३० अखंड मिळतील एवढी सजावट उतरवावी. बिनतालाच्या द्रुतापेक्षा तालातील विलंबित केव्हाही श्रेयस्कर. पंख्यातील धूळ काढावी, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलून घ्यावा, खेळताना चार्जर जोडलेला ठेवावा. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल व दुसरीस जागा असेल तर ती बसवावी. सामाईक रॅमवर चित्र रंगविणाऱ्या यंत्रास तिचा प्रत्यक्ष उपयोग होतो. जुनी हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. घातल्याने खेळ लौकर सुरू होतो, परंतु चित्रांची संख्या त्याने फारशी वाढत नाही, हेही खर्चापूर्वी ध्यानात घ्यावे. उद्यमनगरात जुने इंजिन उघडून, घासून, पुन्हा चालते करणाऱ्यांच्या ह्या गावात यंत्राचे वय ऐकूनच ते टाकून द्यावे, हे बरे दिसत नाही.

अलंकार सोडावा, लय राखावी, हा नियम सांगितला खरा. परंतु त्यालाही एक अपवाद आहे आणि तो आम्हांस 'राजी' खेळतानाच उमगला. सावली हा अलंकार, असे आम्ही वर म्हटले. पण राजी उंच उडी घेते तेव्हा ती कोठे उतरणार हे डोळ्यास कळते ते तिच्या पायांखालच्या सावलीवरून. दृष्टी दूर व तिरकी असल्यामुळे अंतराचा दुसरा दाखला नाही. ती सावली पुरी पुसली तर उडीचा अंदाज चुकतो आणि मुलगी दरीत पडते. भिंतीवरील जाळीची सावली ही शोभा, पायाखालची सावली हा अर्थ. यंत्राच्या हिशेबी मात्र दोन्ही एकाच नावाखाली मोडतात. तेव्हा कोणते अंग अलंकार आणि कोणते अर्थ, ह्याची यादी बाहेरून करता येत नाही. ती कृतीच्या आत शिरून, एकेक गोष्ट काढून व पुन्हा घालून ठरवावी लागते. टीकाकार कवितेचे करतो तेच हे काम, आणि जुन्या लॅपटॉपचा धनी ते नकळत करीत असतो.

अशा रीतीने तपासता 'राजी'चे गुण जसे उजळतात तसे दोषही उघडे पडतात. भिंती, खांब व कठडे ह्यांवरून राजीचा जो प्रवास होतो तो कोणत्याही यंत्रावर रमणीयच वाटतो. ह्याउलट युद्धप्रसंग. नव्या यंत्रावर त्रिशुळाच्या तेजाने आणि उडणाऱ्या ठिणग्यांनी मन गुंतून राहते. ती रोषणाई उतरली की एकाच घाटाचे असुर, एकाच रिंगणात, पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने चालून येतात हे लक्षात आल्यावाचून राहत नाही. शेवटाचेही तसेच. कथा ऐन बहरात आली असता ती पहिला खंड संपावा तशी अचानक थांबते, आणि भावासाठी एवढी वणवण केलेल्या मुलीबरोबर आपणही अर्ध्या वाटेवर उभे राहतो. हा दोष लॅपटॉपचा नव्हे. तो रचनेचा आहे, आणि कोणतेही ग्राफिक्स कार्ड तो झाकू शकणार नाही. तथापि सर्व गुणदोष जमेस धरता ही कृती आपल्या मुलांनी अवश्य पाहावी असे आमचे मत आहे. जुन्या यंत्राच्या कसोटीस ती उतरली ह्यात आश्चर्यही नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी ती प्रथम प्रकाशित झाली ती निन्टेन्डो स्विच ह्या हातात मावणाऱ्या यंत्रावर. संगणकावर व इतर यंत्रांवर ती त्यानंतर, १५ ऑक्टोबरला आली. ज्या कर्त्यांस आरंभीच छोट्या यंत्राची मर्यादा सांभाळावी लागली त्यांनी काय सोडावयाचे ह्याचा विचार आधीच केलेला असणार.

हा विचार न केल्यास काय होते ह्याचे उदाहरण त्याच वर्षाने दिले. पोलंडमधील सी.डी. प्रोजेक्ट ह्या विख्यात संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला. तो नव्या संगणकाप्रमाणेच २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ ह्या यंत्रासाठीही विकण्यात आला होता. प्रकाशनापूर्वी परीक्षकांच्या हाती पडल्या त्या प्रती संगणकावरच्या. जुन्या यंत्रावरील रूप त्यांस पाहावयास मिळालेच नाही. स्तुतिपर परीक्षणे छापली गेली आणि घरोघरच्या जुन्या यंत्रांवर खेळ मात्र अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. १८ डिसेंबरला सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला व पैसे परत देऊ केले. संस्थेच्या एका संस्थापकाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. आणि त्या दुकानात खेळ परत आला तो २१ जून २०२१ रोजी. पुढे पुष्कळ सुधारणा होऊन त्या खेळाने आपली प्रतिष्ठा परत मिळविली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्या डिसेंबरात ज्या कुटुंबांनी परीक्षणे वाचून पैसे मोजले, त्यांस परीक्षकांनी जे वर्णन केले ते पाहावयास मिळाले नाही. चूक प्रथम विकणाऱ्याची होती; तथापि टीकेनेही तीत आपला वाटा उचलला.

म्हणून ह्या नव्या प्रांतात लिहिणाऱ्या टीकाकारांस आमची एक मागणी आहे. नाटकाचे परीक्षण करणारा पहिल्या रांगेतील मखमली खुर्चीवरून लिहितो, आणि शेवटच्या रांगेत शब्द ऐकू येतो की नाही ह्याची चौकशी करीत नाही, तर ते परीक्षण अपुरे. तद्वत् खेळाच्या परीक्षणात तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या सेटिंगवर खेळला गेला हे स्पष्ट लिहिले जावे. आणि शक्य तेथे एकदा तरी तो घरगुती, जुन्या लॅपटॉपवर तपासला जावा. काही कृती अशाही असतील की ज्यांचा आशयच प्रकाशात आणि छायेत आहे, ज्या उतरविल्या की उरतच नाहीत. त्यांना जुन्या यंत्रावर पाहून नावे ठेवणे हा अन्याय होईल. त्यांच्याविषयी 'योग्य यंत्र असेल तरच घ्या, एरवी थांबा' असे प्रामाणिकपणे सांगावे. ते सांगणे हाही टीकेचाच भाग आहे.

आता घरातील त्या वादाकडे वळू. मुलाने नवे यंत्र मागितले असता 'परवडत नाही' एवढेच उत्तर देणे खरे असले तरी अपुरे आहे. आणि 'आमच्या वेळी असले काही नव्हते' हे तर उत्तरच नव्हे. त्याच्याजवळ बसावे, खेळातील एकेक सजावट त्याच्याकडून उतरवून घ्यावी आणि प्रत्येक वेळी विचारावे, काय गेले आणि काय राहिले? सर्व उतरवूनही लय सापडत नसेल तर मुलाची तक्रार रास्त आहे, हे मान्य करावे. मग यंत्र घ्यावे की तो खेळच सोडून द्यावा, हे ऐपतीप्रमाणे ठरवावे. लय सापडली आणि तरीही मन रमले नाही, तर उणीव खेळात आहे, लॅपटॉपात नाही. नव्या यंत्राने ती भरून निघणार नाही. आणि मन रमले, तर प्रश्नच उरला नाही. हे तीन निकाल मुलास आपले आपण करता आले, तर त्याला कलेची पारख येऊ लागली असे खुशाल समजावे. ती त्यास पुढे नाटकाला आणि काव्यालाही उपयोगी पडेल.